चिमण्यांचा हिवाळी निवारा

मार्गशीर्ष-पौषाच्या थंडीत शाळेच्या अंगणात येणाऱ्या चिमण्यांना मुले हौसेने दाणे टाकतात. ही भूतदया स्तुत्य होय. परंतु या ऋतूत पक्ष्याची खरी परीक्षा रात्री होते. नाशिक जिल्ह्यातील निफाड भागात पारा कधी कधी ५ अंश सेल्सिअसच्याही खाली उतरतो आणि डिसेंबरातील रात्र सुमारे १३ तासांची असते. चिमणीचे वजन अवघे २५ ग्रॅमच्या आसपास. शरीर जितके लहान, तितकी त्यातील ऊब लवकर निघून जाते. ती टिकविण्यासाठी चिमणी पिसे फुलवून त्यांत हवा कोंडून धरते. वाऱ्याचा झोत लागला अथवा पिसे भिजली, म्हणजे हे पांघरूण निकामी होते. म्हणून दाण्याइतकीच तिला निवाऱ्याच्या कोरड्या जागेची गरज असते.

मातीच्या भिंतींतील भोके, कौलांखालच्या फटी व वाशांमधील सांदी यांतून हा आश्रय सहज मिळत असे. सिमेंटच्या गुळगुळीत भिंतींत व सपाट छतांत तो उरत नाही. ही उणीव शाळेला थोड्या श्रमात भरून काढता येईल.

कार्यानुभवाच्या तासाला जुन्या खोक्यांच्या फळ्यांची पेटी करावी. तळ १५ सेंटिमीटर लांब-रुंद व उंची सुमारे २२ सेंटिमीटर असावी. दाराचे भोक साडेतीन सेंटिमीटरचे, तळापासून बरेच वर ठेवावे. ते मोठे केल्यास साळुंकी पेटी बळकावते. भोकाखाली दांडी लावू नये. चिमणीला तिची गरज नसते, शत्रूला मात्र आधार मिळतो. पत्रा रात्री गार व दुपारी तप्त होतो, तो टाळावा. पेटी वळचणीखाली, मांजर पोहोचणार नाही अशा उंचीवर, उत्तरेच्या वाऱ्याकडे पाठ करून पक्की बसवावी. बोर, बोगनवेल यांसारख्या दाट काटेरी झुडपांतही चिमण्या थव्याने रात्र काढतात. म्हणून कुंपणाची छाटणी थंडी सरेपर्यंत करू नये.

सायंकाळी किती पक्षी आत शिरले, याची नोंद मुलांनी दुरूनच घ्यावी. रात्री पेटी उघडू नये किंवा तीत विजेरीचा प्रकाश टाकू नये. बिथरून उडालेल्या पक्ष्याला काळोखात दुसरा आसरा सापडणे कठीण असते. पहिल्या हिवाळ्यात पेटी रिकामी राहिली तरी काढून टाकू नये. मुलांना त्यातून पक्ष्यांच्या माहितीबरोबर धीर धरण्याचाही पाठ मिळेल.