फुप्फुसांचा पहारेकरी

शरीरातील रासायनिक क्रिया त्वरेने घडवून आणणाऱ्या प्रथिनांना विकर म्हणतात. अन्न पचविण्यासाठी जसे विकर लागतात, तसे शरीरात शिरलेल्या जंतूंचा नाश करण्यासाठीही लागतात. रक्तातील पांढऱ्या पेशींजवळ इलास्टेज नावाचे असेच एक विकर असते. ते जंतूंचे तुकडे करते. परंतु आपला कोण आणि परका कोण, हे त्याला कळत नाही. आपल्या फुप्फुसांत तीस कोटींहून अधिक इवलेसे वायुकोश आहेत. त्यांच्या भिंतींतील लवचीक तंतूंमुळे ते श्वासाबरोबर फुगतात आणि पुन्हा आकसतात. इलास्टेज मोकळे सुटले, तर ते या तंतूंनाच कापून काढते!

मग निरोगी माणसाची फुप्फुसे शाबूत कशी राहतात? त्याची तजवीज यकृत करते. तेथे अल्फा-१ अँटीट्रिप्सिन नावाचे प्रथिन तयार होऊन रक्तावाटे फुप्फुसांत पोहोचते. इलास्टेजची गाठ पडताच ते त्याला असे घट्ट धरते, की दोघेही निकामी होतात.

या पहारेकऱ्याचे महत्त्व ध्यानात आले ते १९६३ साली, स्वीडनमधील माल्मो येथे. लॉरेल आणि एरिकसन हे शास्त्रज्ञ रक्तातील प्रथिने विजेच्या साहाय्याने वेगवेगळी करून त्यांचे पट्टे तपासत असत. सुमारे दीड हजार नमुन्यांपैकी पाचांत एक पट्टा जवळजवळ दिसेनाच. त्या पाच जणांपैकी तिघांची फुप्फुसे विकल झालेली होती. न दिसणारा पट्टा याच प्रथिनाचा होता.

त्या माणसांत ही उणीव जन्मतःच होती. विडी-सिगारेट ओढणाऱ्याच्या रक्तात मात्र हे प्रथिन पुरेसे असते, आणि तरीही घात होतो. धुराने फुप्फुसांचा दाह होऊन तेथे पांढऱ्या पेशी गर्दी करतात व इलास्टेज ओततात. त्याच वेळी धुरातील द्रव्ये या प्रथिनाच्या नेमक्या पकडीच्या जागी ऑक्सिजन जोडतात. पहारेकरी जागेवर उभा, पण हात लुळे! वायुकोशांच्या भिंती फाटतात, लहान कोश मिळून एकच मोठी पोकळी होते आणि माणसाला चार पायऱ्या चढतानाही धाप लागते.

धूम्रपान सोडल्यावर काय होते? रक्तातील विषारी कार्बन मोनॉक्साइड एकदोन दिवसांतच ओसरतो. रक्तातील पांढऱ्या पेशींची वाढलेली संख्या त्यानंतर हळूहळू उतरते. यकृतातून येणाऱ्या नव्या प्रथिनाची पकड आता धुराने ढिली होत नाही. फुप्फुसांची शक्ती वयोमानाने सर्वांचीच थोडी थोडी घटते. धूम्रपान सोडणाऱ्याच्या घटीचा वेग पुष्कळसा त्या मानावर येतो.

फाटलेल्या भिंती मात्र पुन्हा उभ्या राहत नाहीत. म्हणूनच चाळिशीत विडी सोडणाऱ्याजवळ जितके वायुकोश शिल्लक असतात, तितके साठीत सोडणाऱ्याजवळ सहसा उरलेले नसतात.