भुलीनंतर मूल बदलतं तेव्हा

टॉन्सिलचं किंवा हर्नियाचं ऑपरेशन करून घरी आणलेलं मूल रात्री दचकून उठतं, आईला सोडत नाही, जेवायला कुरकुर करतं. अंथरूण ओलं करणं बंद झालेलं असतं, ते पुन्हा सुरू होतं. मग घरात कुणीतरी म्हणतंच, ‘भूल डोक्यात चढली.’ आईबापांना अपराधी वाटू लागतं.

भूल अशी चढून राहत नाही. लहान मुलांना बहुतेकदा सेव्होफ्लुरेन नावाचा वायू हुंगवतात आणि तो मुख्यतः श्वासावाटेच बाहेर पडतो. पंधरा दिवसांनी दिसणाऱ्या हट्टाला अंगात उरलेली भूल कारण नसते.

शुद्धीवर येतानाचा आकांत वेगळा. दोन ते पाच वर्षांची मुलं तेव्हा हातपाय झाडतात, सलाईन ओढतात, समोरच्या आईलाही ओळखत नाहीत. ‘दुखतंय म्हणूनच रडतोय’ असं वाटतं. वेदना आहे का ते पाहायलाच हवं, पण नुसत्या एमआरआयसाठी भूल दिलेल्या, अंगावर टाकाही नसलेल्या मुलांतही हे दिसतं. बहुधा पाच-पंधरा मिनिटांत, कधी अर्ध्या तासात ते आपोआप शमतं. मुलाला पुढे ते सहसा आठवतही नाही.

त्यानंतरच्या आठवड्यांतला बदल मात्र भीतीशी बांधलेला आहे. अमेरिकेतल्या येल विद्यापीठात झीव्ह काइन आणि सहकाऱ्यांनी १९९६ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात दोन आठवड्यांनी ५४ टक्के मुलांत असे बदल आढळले, सहा महिन्यांनी २० टक्के मुलांत आणि वर्षाने सुमारे ७ टक्के मुलांत. ऑपरेशनआधी मूल आणि आई किती घाबरलेली होती, याचा त्याच्याशी संबंध दिसला.

म्हणूनच ‘आधी सांगितलं तर घाबरेल’ हा समज मला सगळ्यांत घातक वाटतो. ‘फिरायला जाऊ’ म्हणून नेलेल्या मुलाच्या तोंडावर अनोळखी माणसं मास्क धरतात, तेव्हा त्याचा आपल्यावरचाही भरवसा जातो. खरं सांगावं: तुला झोप येईल, झोपेत काही कळणार नाही, उठल्यावर थोडं दुखेल, दुखण्याचं औषध मिळेल. सहा वर्षांपुढच्या मुलाला चार-पाच दिवस आधी, चिमुरड्याला आदल्या दिवशी. आवडतं खेळणं सोबत असू द्यावं. मूल फारच बिथरत असेल तर भूलतज्ज्ञांना आधीच सांगावं. मिडॅझोलॅमसारखं शांत करणारं औषध देता येतं. आई थिएटरमध्ये असली की झालं, हेही पूर्ण खरं नाही. स्वतःच हादरलेल्या पालकामुळे शांत मूलही घाबरतं.

‘बुद्धी मंद होते’ ही भीतीही बोलली जाते. ७२२ तान्ह्या बाळांच्या आंतरराष्ट्रीय ‘गॅस’ अभ्यासाचे निष्कर्ष २०१९ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये आले. हर्नियासाठी तासाभराहून थोडी कमी पूर्ण भूल घेतलेली आणि जागेपणी फक्त कमरेखालचा भाग बधिर केलेली मुलं पाचव्या वर्षी बुद्ध्यांकात सारखीच होती. तीन वर्षांखालच्या मुलाला तीन तासांहून लांब किंवा वारंवार भूल देण्याबाबत अमेरिकेच्या औषध प्रशासनाने २०१६ मध्ये सावध केलं आहे. तशी वेळ असेल तर डॉक्टरांशी जरूर बोला, पण गरजेचं ऑपरेशन त्या भीतीने लांबवू नका.

घरी आल्यावर रोजचा क्रम लवकर सुरू करावा. रात्री काही दिवस जवळ झोपू द्यावं, ओल्या अंथरुणावरून रागावू नये. मूल जागंच होत नसेल, श्वास घ्यायला त्रास होत असेल किंवा उलट्या थांबत नसतील, तर त्याच क्षणी रुग्णालय गाठावं. महिन्याभरानंतरही झोप किंवा शाळा बिघडलेली असेल, तर बालरोगतज्ज्ञांना दाखवावं.