धार काढताना अंगठा दुखतो? शीर नव्हे, कंडरा सुजली आहे

गोडी छाटणी सुरू झाली की निफाड-दिंडोरी भागात उजाडल्यापासून कात्र्यांचा आवाज ऐकू येतो. एप्रिलची खरड छाटणी, सप्टेंबर-ऑक्टोबरची गोडी छाटणी, त्यात घडांची विरळणी आणि डिपिंग. म्हणजे द्राक्षबागेत हाताला उसंत अशी नसतेच. पेठ-सुरगाण्याकडून येणाऱ्या टोळ्या हे काम बहुधा उक्तं घेतात, आणि उक्त्या कामात थांबणं परवडत नाही. आठ-दहा दिवस गेले की टोळीतला एखादा तरी गडी मनगट दाबत बांधावर बसलेला दिसतो.

तीच गत गोठ्यातली. दोन्ही वेळची चार-पाच जनावरांची धार एकट्या बाईच्या हातावर असेल तर तिला विचारून बघा. अंगठ्याच्या मुळापाशी, मनगटाच्या हाडावर कळ येते. कळशी उचलवत नाही, धुणं पिळवत नाही, भाकरीचा तवा हातातून सुटतो. कारण विचारलं की उत्तर ठरलेलं, "काही नाही, शीर चढली." मग तेल लावून चोळणं होतं, त्यानं भागलं नाही तर कुणी बिब्बा घालतं, कुणी तापल्या सळईचा डाग देतं. मनगटावर असे डाग असलेली माणसं आजही खेड्यात भेटतात. डागाची जखम भरायला महिना जातो आणि मूळ दुखणं तिथंच राहतं.

हे दुखणं शिरेचं नाही, कंडरेचं आहे. स्नायू आणि हाड यांना जोडणारी जी चिवट दोरी असते ती कंडरा. अंगठा बाहेर उघडणाऱ्या आणि वर उचलणाऱ्या अशा दोन कंडरा मनगटाच्या अंगठ्याकडच्या हाडाच्या उंचवट्यावरून एका अरुंद बोगद्यातून जातात. पाइपातून दोरी ओढावी तशा त्या दिवसभर पुढंमागं सरकतात. अंगठ्यानं घट्ट धरून मनगट करंगळीकडं वाकवण्याचं काम हजारो वेळा झालं, की बोगद्याचं अस्तर जाड होतं, जागा कमी पडते आणि दोरी घासू लागते. स्वित्झर्लंडचे सर्जन डी क्वेरवेन यांनी १८९५ साली या दुखण्याचं वर्णन केलं, म्हणून डॉक्टरांच्या कागदावर त्यांचंच नाव दिसतं. पुरुषांपेक्षा बायकांना ते जास्त होतं, आणि बाळंतपणानंतर तर फारच. तान्ह्या बाळाला अंगठे ताणून काखेत धरून दिवसातून कितीदा उचलावं लागतं, ते आठवा. त्यात सव्वा महिन्यानं गोठ्यातलं काम पुन्हा अंगावर पडलं की मनगटाची सहनशक्ती संपते.

ओळखायचं कसं? एक साधी खूण आहे. अंगठा तळहातात दुमडा, त्यावर चार बोटांची मूठ मिटा आणि मनगट हळूच करंगळीच्या बाजूला झुकवा. थोडा ताण चांगल्या हातालाही बसतो, म्हणून आधी न दुखणाऱ्या हातानं करून पाहा. दुखऱ्या हाताला नेमकी त्या उंचवट्यावर झणझणीत कळ आली, आणि तिथं दाबल्यावरही दुखलं, तर संशय पक्का धरा. जोर लावू नका, नाहीतर तपासण्याच्या नादात दुखणं वाढायचं. अनुभवी डॉक्टर एवढ्यावरूनच निदान करतात. पडझड झाली असेल किंवा सांध्याच्या झिजेची शंका असेल तर एक्स-रे लागतो, एरवी प्रत्येकाला लागतोच असं नाही.

मात्र मनगटाचं प्रत्येक दुखणं हे नव्हे. रात्री मुंग्या येऊन जाग येत असेल, अंगठा आणि शेजारची दोन बोटं बधिर पडत असतील तर ती नस दबल्याची लक्षणं आहेत. अंगठा दुमडल्यावर अडकतो आणि टक्कन सुटतो, दुखतं तळहाताच्या बाजूनं, तर तो वेगळा आजार. मधुमेह्यांत तो जास्त दिसतो. मनगटाच्या चार बोटं वर, हाताच्या पाठीकडून सूज आली आणि हात हलवताना तिथं करकर जाणवली, तर तेही कंडरेचंच घर्षण, फक्त जागा वेगळी. बांधावरून घसरून हात टेकला असेल आणि अंगठा ताणल्यावर मुळाशी जो खळगा पडतो तिथं दुखत असेल, तर लचक समजून चोळत बसू नका. तिथलं लहान हाड मोडलेलं असू शकतं आणि पहिल्या एक्स-रेत ते कधीकधी दिसतही नाही. काटा मोडल्यावर हात लाल होऊन सुजला, ताप आला, तर त्याच दिवशी दवाखाना गाठायचा.

आता उपचार. पहिला आणि खरा उपचार म्हणजे अंगठ्याला विसावा. पण आपल्याकडं घोटाळा होतो तो पट्ट्याचा. मेडिकलमधून मनगटाचा साधा पट्टा आणतात किंवा क्रेप बँडेज गुंडाळतात, आणि अंगठा मोकळाच राहतो. ज्या दोऱ्या सुजल्यात त्या अंगठ्याच्या. अंगठा हलत राहिला तर पट्टा बांधून उपयोग काय? मनगटाबरोबर अंगठाही धरून ठेवणारा, आत पट्टी असलेला पट्टा मागा. तो साधारण चार ते सहा आठवडे वापरावा लागतो. पट्टा काढून धार काढायची आणि पुन्हा बांधायचा, याला विसावा म्हणत नाहीत. तेवढे दिवस धार घरातल्या दुसऱ्यानं काढायची. पुरुषमाणसांनी हे वाक्य पुन्हा वाचावं.

जोडीला फडक्यात गुंडाळलेला बर्फ दहा-पंधरा मिनिटं, दिवसातून दोन-तीनदा. कळ असताना जोरानं चोळणं आणि ताणणं बंद. वेदनाशामक गोळ्या डॉक्टरांनी सांगितल्या तेवढ्याच घ्या. उन्हात घाम गाळायचा, पाणी कमी प्यायचं आणि वरून रोज दुकानातली गोळी घ्यायची, यात मूत्रपिंड धोक्यात येतं. पोटात अल्सर, रक्तदाब किंवा मूत्रपिंडाचा त्रास असेल, बाई गरोदर असेल किंवा अंगावर पाजत असेल, तर गोळी घेण्याआधीच तसं सांगायचं.

एवढं करून उतार पडला नाही तर डॉक्टर त्या बोगद्यात स्टिरॉइडचं इंजेक्शन देतात. नाव ऐकून लोक घाबरतात. पण जागेवर दिलेलं एखादं इंजेक्शन आणि महिनोन्महिने स्टिरॉइडच्या गोळ्या खाणं, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. बऱ्याच जणांना एकाच इंजेक्शनात आराम पडतो, काहींना काही आठवड्यांनी दुसरं लागतं. टोचलेल्या जागी कातडी फिकट किंवा पातळ पडू शकते. मधुमेह्यांची साखर काही दिवस वाढते, म्हणून आधी सांगायचं आणि नंतर तपासत राहायचं. मात्र हे अस्थिरोग तज्ज्ञाकडूनच घ्यावं. कमरेत कसलं तरी इंजेक्शन टोचून 'दोन दिवसांत मोकळं' करणाऱ्यांच्या नादी लागू नये.

काहींच्या मनगटात या दोन कंडरांच्या मधे जन्मतःच पडदा असतो, म्हणजे एकाऐवजी दोन बोगदे. अशांना इंजेक्शनचा गुण कमी येतो. तेव्हा तेवढीच जागा बधिर करून बोगद्याचं छत उघडतात. ऑपरेशन लहान असतं, बहुधा त्याच दिवशी घरी सोडतात. शेजारून कातडीची एक नाजूक नस जाते, तिला धक्का लागला तर अंगठ्याच्या पाठीवर बधिरपणा राहू शकतो. म्हणून हेही काम जाणत्या हाताचंच.

आमच्या खात्याचा संबंध येतो तो पुढं. धार काढण्याच्या आपल्याकडं तीन रीती. पूर्ण मुठीनं, चिमटीनं आणि अंगठा दुमडून. अंगठ्याचं पेर सडात रुतवून ओढायची ही तिसरी रीत सडाला इजा करते, कासेची दगडी होण्यालाही तिचा हातभार लागतो. जनावरासाठी ती सोडा असं आम्ही शिबिरांतून सांगत आलो. आता माणसाच्या अंगठ्यासाठीही सोडा. अंगठा आणि तर्जनीनं सडाचं मूळ बंद करून बाकीची बोटं वरून खाली एकेक मिटत आणायची, मनगट सरळ ठेवायचं. सड लहान असलेल्या पहिलारू गायीला चिमटीशिवाय इलाज नसतो, तिथं हात पाळीनं बदला. आधी कास धुऊन नीट पान्हा सोडवला तर पाच-सात मिनिटांत दूध निघतं आणि हाताला ओढाताण पडत नाही. जनावरं जास्त असतील तर यंत्राचा हिशेब करायला हरकत नाही.

बागेतली गोष्ट कात्रीच्या धारेवर आहे. बोथट कात्रीला दुप्पट जोर लागतो. रोज सकाळी दगडावर धार, स्प्रिंगला तेलाचा थेंब. जाड काडीला छोटी कात्री घालून मनगट पिळण्यापेक्षा लांब दांड्याची कात्री किंवा करवत घ्या. बायकांच्या हाताला मोठ्या मुठीची कात्री पुरत नाही, अंगठा ताणला जातो. टोळीत दोन मापांच्या कात्र्या ठेवायला मुकादमाला फार खर्च येत नाही. बॅटरीवरच्या कात्रीनं जोर वाचतो, पण तिच्या पात्यात बोट गेलं तर तेही काडीसारखं तुटतं, तेव्हा दुसरा हात लांब ठेवा. छाटणी, काडी गोळा करणं, बांधणी ही कामं दिवसात आलटून पालटून दिली तर एकाच अंगठ्यावर भार येत नाही.

गावकारभाऱ्यांनी दूध संस्थेच्या आवारात महिन्यातून एकदा आरोग्य केंद्राच्या डॉक्टरांना बोलवावं. दूध घालायला सगळं गाव तिथं येतंच. आशाताईंनी बाळंतिणीच्या भेटीत मनगटाचीही चौकशी करावी आणि बाळ अंगठ्याच्या जोरावर न उचलता, खालून दोन्ही हात सरकवून कसं उचलायचं ते दाखवावं. तीन-चार आठवडे दुखणं हटत नसेल तर चिठ्ठी घेऊन उपजिल्हा किंवा जिल्हा रुग्णालयाच्या अस्थिरोग विभागात जावं. जाताना वापरातला पट्टा आणि खात असलेल्या गोळ्यांची पाकिटं बरोबर न्यावीत.