कुरकुरणारी काच आणि रॉकेलची बाटली

पावसाने उघडीप दिली, की गाडी धुऊन-पुसून काढली जाते. नेमके तेव्हाच लक्षात येते, की दरवाजाची काच खाली-वर करताना ‘कर्रर्र’ असा अंगावर काटा आणणारा आवाज येतो आहे. मग घरातले कोणीतरी रॉकेलची किंवा शिलाई मशीनच्या तेलाची बाटली शोधून आणते. चार थेंब सोडले, की आवाज थांबतोही. पण काही दिवसांनी तो पुन्हा सुरू होतो आणि काचही जड सरकू लागते.

असे का होते? काचेच्या दोन्ही कडा रबराच्या खाचेतून सरकतात. काच दरवाजात शिरते तिथे तिच्या आतून आणि बाहेरून रबराच्या पट्ट्या टेकलेल्या असतात. काच सहज सरकावी म्हणून या रबरावर बहुधा मखमलीसारखी बारीक लव असते. कालांतराने ही लव झिजते, उन्हाने रबर कडक होते आणि त्यात धूळ-चिखल साचतो. मग रबर काचेला क्षणभर धरून ठेवते, ताणले जाते, सुटते आणि पुन्हा धरते. सेकंदाला शेकडो वेळा असे झाले, की काच आणि रबर थरथरतात आणि आवाज उमटतो. व्हायोलिनच्या तारेवर गज फिरतो तेव्हाही हेच घडते. माणसाचा कान साधारण २००० ते ५००० हर्ट्झ या पट्ट्यात सर्वाधिक तीक्ष्ण असतो, त्यामुळे असे चिरके आवाज लहान असले तरी फार टोचतात.

थोडक्यात, आवाज हे लक्षण आहे. कारण बहुतेक वेळा धूळ आणि कोरडे रबर. म्हणून पहिला उपाय स्वच्छतेचा. काच पूर्ण खाली करून गाडी बंद करावी आणि किल्ली काढून घ्यावी. सौम्य साबणाच्या पाण्यात भिजवून पिळलेले फडके आइस्क्रीमच्या चपट्या काडीला गुंडाळून खाचेतून हळूहळू फिरवावे. सुरी किंवा स्क्रू-ड्रायव्हर वापरू नये, रबर फाटते. काच दोन्ही बाजूंनी पुसावी आणि सगळे नीट वाळू द्यावे. अनेकदा एवढ्यानेच आवाज जातो.

तरीही राहिला, तर रबरासाठी मिळणारा सिलिकॉन स्प्रे वापरावा. तो फडक्यावर घेऊन रबराला पातळ हात द्यावा, काच चार-पाच वेळा खाली-वर करावी आणि काचेवर आलेला ओशट थर पुसून टाकावा. असे स्प्रे सहसा ज्वालाग्राही असतात. त्यामुळे काम मोकळ्या हवेत, दरवाजे उघडे ठेवून आणि विडी-सिगारेटपासून दूर करावे. डोळ्यात उडाल्यास डोळा वाहत्या पाण्याने पंधरा मिनिटे धुऊन डॉक्टरांना दाखवावा. रॉकेल, पेट्रोल किंवा मशीनचे तेल मात्र टाळावे. गाड्यांत सर्रास वापरले जाणारे रबर खनिज तेलाने फुगते व मऊ पडते, आणि तेलकट खाचेत धूळ आणखी चिकटते.

रबरापेक्षा मोठा धोका त्या बाटलीचा आहे. कामापुरते रॉकेल शीतपेयाच्या रिकाम्या बाटलीत ओतले जाते, बाटली दाराशी राहते आणि तहानलेले लहान मूल ती तोंडाला लावते. सरकारी रुग्णालयांच्या बालरोग विभागांना हा प्रसंग नवा नाही. रॉकेल पोटापेक्षा फुप्फुसाला अधिक घातक ठरते. पातळ असल्याने ते ठसका लागताच श्वासनलिकेत उतरते आणि काही तासांत रासायनिक न्यूमोनिया होऊ शकतो. अशा वेळी मुलाला उलटी करायला लावू नये, मिठाचे पाणी पाजू नये. उलटी होताना रॉकेल पुन्हा श्वासमार्गात जाण्याची भीती असते. कपड्यांवर सांडले असल्यास ते बदलावेत, अंग धुवावे आणि मूल बरे दिसत असले तरी बाटलीसह थेट रुग्णालय गाठावे.

दुसरा धोका बटणाचा. दुरुस्ती सुरू असताना एकाचा हात खाचेत असतो आणि दुसरा ‘आता बघ’ म्हणत काच वर करतो. खिडकीतून डोकावणाऱ्या मुलाची बोटे किंवा मानही अशीच अडकते. काही गाड्यांत अडथळा लागताच काच आपोआप उलटी फिरते. अमेरिका आणि युरोपच्या नियमांनुसार अशा काचेचा दाब १०० न्यूटनच्या, म्हणजे साधारण दहा किलो वजनाच्या, पुढे जाण्याआधी ती मागे फिरावी लागते. पण अनेक गाड्यांत ही सोय फक्त चालकाच्या खिडकीला असते. आपल्या गाडीत ती कुठल्या काचेला आहे, हे माहितीपुस्तिकेत पाहावे. मुले मागे बसली असतील तर मागच्या काचांचे बटण लॉक ठेवावे.

काच तिरकी चढत असेल, मध्येच अडत असेल किंवा दरवाजाच्या आतून खडखड येत असेल, तर दोष रबराचा नसून आतल्या यंत्रणेचा असतो. ते काम मेकॅनिकचे. घरच्या कामाला साबणाचे पाणी, जुने फडके आणि अर्धा तास पुरतो. तेवढा वेळ मुलांना गाडीपासून लांब ठेवावे.