सीटमागचा त्रिकोण

डहाणूहून चिकू भरून निघालेला टेम्पो धुंदलवाडी सोडून तलासरीच्या अलीकडे बसला. उजवं, मागचं, आतलं चाक पंक्चर. रात्रीचा दीड वाजलेला. चिकू गुजरातकडे कसा जातो ते लिहायला म्हणून मी केबिनमध्ये बसलो होतो. लिहायला मिळालं भलतंच.

गाडी डावीकडे दाबली तरी मागचा कोपरा लेनमध्येच. ड्रायव्हरने चारी इंडिकेटर लावले. क्लीनर कोयता घेऊन झुडपाकडे निघाला. फांदी तोडून मागे टाकायची, भोवती चार दगड मांडायचे, ही हायवेवरची जुनी रीत. दिवसा पाला दिसतो तरी. रात्री फांदी आणि अंधार एकच. गाडी निघून गेली की दगड तिथेच राहतात, एखाद्या मोटरसायकलवाल्याच्या नशिबी.

"दादा, त्रिकोण नाही का?"

"आहे ना, सीटमागं. पासिंगला लागतो."

गोणपाट आणि जॅकचा दांडा बाजूला केल्यावर लाल प्लास्टिकची लांबट पेटी निघाली. उघडल्यावर तीन पट्ट्या जोडायच्या, प्रत्येक दीड फुटाहून थोडी मोठी. बाहेरची पट्टी रात्री उजेड परत फेकणारी, आतली भडक रंगाची, दिवसासाठी. आपल्याकडे या त्रिकोणाचं मानक एआयएस-०२२.

अशा पट्टीला इकडे सगळे 'रेडियम' म्हणतात. रेडियमचा त्यात कणही नसतो आणि ती स्वतःहून उजळतही नाही. तिच्यातले काचेचे बारीक मणी किंवा प्रिझम आलेला उजेड आल्या वाटेने परत पाठवतात, एवढंच. गाडीला पुढे पांढरी, बाजूंना पिवळी, मागे लाल पट्टी लावावी लागते. आमच्या लाल पट्टीवर चिखलाचा थर होता. ड्रायव्हरने ती आधी ओल्या फडक्याने पुसली. माझ्या मते त्या रात्रीचं सगळ्यात शहाणं काम तेच.

क्लीनरने त्रिकोण ठेवला बंपरपासून पाच पावलांवर. ताशी ८० किलोमीटरने येणारा ट्रक सेकंदाला २२ मीटर कापतो. दिसणं, समजणं, पाय ब्रेकवर जाणं यात दोन सेकंद गेले तर ४४ मीटर संपले, आणि भरलेली गाडी थांबायची अजून बाकीच. "मागं जा, अजून मागं," ड्रायव्हर ओरडत राहिला. पोरगा त्रिकोण छातीसमोर धरून, समोरून येणाऱ्या दिव्यांकडे तोंड करून रस्त्याच्या अगदी कडेने गेला. सत्तर-ऐंशी पावलांवर टेकवला. पहिलाच कंटेनर गेला आणि त्याच्या वाऱ्याने त्रिकोण आडवा. मग पायावर दगड ठेवला. दगडाचा खरा उपयोग इथे.

तोवर येणारी गाडी आमच्याजवळ येऊन कचकन ब्रेक मारायची, हॉर्न आणि शिवी एकदमच. त्रिकोण उभा राहिल्यावर लांबूनच उजवे इंडिकेटर लागायला लागले. ड्रायव्हर मात्र पाठ रस्त्याकडे करून नट सोडवत होता. चाळीस मिनिटं. मी आणि क्लीनर टॉर्च घेऊन मागे उभे. गाडी हलेनाशी झाली असती तर १०३३ला फोन करायचं ठरलं होतं. वेळ आली नाही.

निघताना त्रिकोण घडी करून पेटीत गेला, दगड क्लीनरने कडेच्या गवतात टाकला.

तुमच्या गाडीतली पेटी एकदा दिवसाउजेडी उघडून त्रिकोण उभा करून बघा. आमच्याचा एक खटका तुटलेला निघाला, तो सुतळीने बांधला होता.