पान कुठलं पिवळं?

खरिपात युरियाची बातमी दरवर्षी तीच असते. दुकानासमोर पहाटेपासून रांग, दुपारी ‘स्टॉक संपला’, आणि गोणी मिळालीच तर तिच्यासोबत गळ्यात मारलेली एखादी बाटली. या ‘लिंकिंग’ला सगळेच शिव्या घालतात, मीही घालतो, फक्त माझं कारण थोडं वेगळं आहे. त्या बाटलीत अनेकदा सूक्ष्म अन्नद्रव्यं असतात. जबरदस्तीनं घ्यावी लागलेली ती बाटली गोठ्यातल्या कोनाड्यात जाते, आणि जस्त, लोह, बोरॉन ही नावंच शेतकऱ्याच्या लेखी फसवणुकीची होऊन बसतात.

मागच्या पावसाळ्यात जालन्याकडे मामांच्या शेतात गेलो होतो. आठ दिवसांच्या झडीनंतर सोयाबीन पिवळं पडलेलं. मामा म्हणाले, “युरिया मारावा लागंल, दुसरं काय?” पण पिवळेपणा शेंड्याला होता. खालची पानं हिरवीगार, वरची कोवळी पानं पिवळी, आणि त्यांच्या शिरा तेवढ्या हिरव्या, कुणी पेनानं रेघा ओढल्यासारख्या.

सगळी गोम इथेच आहे. नत्र झाडात फिरतं. कमी पडलं की झाड म्हाताऱ्या पानांतलं नत्र काढून शेंड्याला पोचवतं, म्हणून नत्राची भूक आधी खालच्या पानांवर दिसते. लोह असं सहजी जागा सोडत नाही; ते कमी पडलं की उपाशी राहतो तो शेंडा. मामांची जमीन चुनखडीची. तिच्यात लोह भरपूर असतं, पण मुळांना विरघळून मिळत नाही. पाणी साचलं की बायकार्बोनेट वाढतं आणि उरलंसुरलं दारही बंद होतं. अशा रानात युरिया फेकला तर त्यातून होणारं नायट्रेट उचलताना मुळं भोवतालचा सामू आणखी चढवतात. म्हणजे औषध म्हणून दुखणंच वाढवायचं.

सोयाबीनचं एक झाड उपटून मुळावरची गाठ नखानं फोडली तर आत गुलाबी दिसते. तो रंग लोह असलेल्या प्रथिनाचा. त्याच गाठीतले जिवाणू हवेतलं नत्र बांधतात आणि त्यांच्या विकराला लोहासोबत मॉलिब्डेनमही लागतं. आयतं नत्र मुबलक मिळालं की झाड या गाठींचा खर्च बंद करतं. फुकटचा कारखाना आपणच कुलूप लावून ठेवतो.

आणि युरिया तरी एकटा काय करतो? तो फोडणारं युरिएज हे विकर. जेम्स समनर यांनी 1926 मध्ये त्याचे स्फटिक मिळवले, त्याबद्दल पुढे 1946 चं नोबेलही घेतलं. त्याच विकरात निकेल आहे हे कळायला मात्र 1975 उजाडलं. पुढे सोयाबीनवरच दिसलं की निकेलशिवाय वाढवलेल्या झाडात युरिया साचतो आणि पानांची टोकं जळतात. मला ही गोष्ट फार आवडते.

यशवंत नेने हे नाव तर आपल्याकडे पाठ्यपुस्तकात हवं. पंतनगरला, तराईच्या भातात, रोपं खुजी राहून पानांवर कातासारखे तांबूस ठिपके पडत. लोक त्याला ‘खैरा’ म्हणत. नेने वनस्पतिरोगतज्ज्ञ, त्यांनी बुरशी, जिवाणू, विषाणू शोधायचे, हे ओघानं आलंच. 1966 मध्ये त्यांनी दाखवलं ते मात्र वेगळंच: रोगजंतू नाहीच, जस्त कमी आहे. उपाय हजार लिटर पाण्यात पाच किलो झिंक सल्फेट आणि अडीच किलो विरलेला चुना. जस्त नसलं की प्रथिनं बनणं अडतं आणि नत्राची अमिनो आम्लं पानात नुसतीच पडून राहतात. रसशोषक किडींना आणखी काय हवं!

सरकारला हे माहीत नाही असं नाही. मृदा आरोग्य पत्रिकेवर जस्त, लोह, तांबं, मँगनीज, बोरॉन सगळ्यांचे रकाने आहेत. पण 45 किलोची युरियाची गोणी 266 रुपये 50 पैशांना, म्हणजे किलोला सहा रुपयांच्या आत. 2010 ला अन्नद्रव्यांवर आधारित अनुदान आलं तेव्हा युरिया त्यातून बाहेरच ठेवला गेला. इतकं स्वस्त खत समोर असताना पत्रिका कोण वाचतो?

मामांनी शेवटी लोहासाठी हिराकस आणला. हिरवट खडे बादलीत विरघळले, सोबत चमचाभर सायट्रिक ॲसिड. ते का, तर नुसतं द्रावण ठेवलं की गंजासारखं तांबूस होतं आणि मग पानाच्या कामाचं राहत नाही; चुनखडीच्या मातीत टाकलेल्या हिराकसाचंही तेच होतं, म्हणून तो शेणखतात मुरवून द्यायचा. दोन फवारण्यांनंतर शेंड्याला नवी पानं हिरवी फुटली. रांगेत उभं राहून आणलेली युरियाची गोणी मात्र मामांनी परत केली नाही. “असू दे,” म्हणाले, “कपाशीला लागंल.”