कावेरीतल्या वर्ल्ड फेमस माशाची जात ओळखायला दीडशे वर्षं का लागली?

पाठीवर कुबड, केशरी पर आणि वजन पन्नास किलोच्या पुढे. कावेरीतला हा कुबडवाला महसीर पकडायला एकेकाळी जगभरातून लोक गळ घेऊन यायचे. एच. एस. थॉमस यांच्या १८७३ सालच्या 'द रॉड इन इंडिया' या पुस्तकामुळे त्याची कीर्ती पसरली. १९४६ मध्ये काबिनी नदीत सापडलेला महसीर तर १२० पौंडांचा, म्हणजे साधारण ५४ किलोंचा होता.

पण हा मासा नेमका कोणत्या जातीचा, हे २०१८ पर्यंत कुणालाच धड सांगता येत नव्हतं.

बरेच जण त्याला 'टॉर मुसुल्ला' म्हणायचे. हे नाव कर्नल साईक्स यांनी १८३९ मध्ये दख्खनच्या नद्यांमधल्या एका माशाला दिलं होतं. पुढे लक्षात आलं की तो मासा महसीरच नाही, वेगळ्याच गटातला आहे. झालं, कावेरीचा हिरो पुन्हा बेनाम.

आता तुम्ही म्हणाल, एवढा मोठा मासा ओळखायला अडचण काय? मासा ओळखताना अंगाच्या मधोमध जाणाऱ्या रेषेवरचे खवले मोजतात, परांमधले काटे मोजतात, तोंडाची ठेवण बघतात. पण पिल्लू आणि म्हातारा मासा यांचा आकार सारखा नसतो. रंग पाण्यानुसार आणि खाण्यानुसार बदलतो, आणि बाटलीत ठेवलेल्या नमुन्याचा तर उडूनच जातो.

म्हणून डीएनए तपासतात. पराचा छोटासा तुकडा पुरतो, मासा परत पाण्यात सोडता येतो. पेशीतल्या 'सीओआय' नावाच्या जनुकाची साधारण ६५० अक्षरं वाचायची आणि आधीच्या नोंदींशी ताडून बघायची. दुकानातल्या बारकोडसारखंच.

मग खवले मोजत बसायचं कशाला? कारण जुन्या नोंदीवरचं नावच चुकलेलं असेल, तर डीएनए तीच चूक पुढे नेतो. शिवाय हे जनुक फक्त आईकडून येतं. दोन जातींचा संकर झाला असेल, तर रिपोर्टमध्ये फक्त आईची जात दिसते. बाप गायब!

कुबडवाल्याच्या बाबतीत दोन्ही पुरावे एकत्र आले. २००७ मध्ये केरळातल्या पांबार या कावेरीच्या उपनदीतून काही लहान माशांवरून 'टॉर रेमादेवी' ही नवी जात नोंदवली गेली होती. नाव दिलं होतं मत्स्यशास्त्रज्ञ के. रेमा देवी यांच्यावरून. २०१८ मध्ये पुण्याच्या आयसरसह देश-विदेशातल्या संशोधकांनी मोयार नदीतले कुबडवाले महसीर तपासले. शरीराची लक्षणं आणि डीएनए, दोन्ही रेमादेवीशी जुळले. पांबारची ती चिल्लीपिल्ली आणि कावेरीचा तो राक्षस एकच निघाले.

नावाचा एवढा आटापिटा कशासाठी? तर जात ठरल्याशिवाय आययूसीएनच्या रेड लिस्टमध्ये तिची नोंद होत नाही. नाव पक्कं झालं आणि त्याच वर्षी हा मासा थेट 'क्रिटिकली एंडेंजर्ड' यादीत गेला.

या गोष्टीत महाराष्ट्राचाही हात आहे. लोणावळ्यात टाटांच्या केंद्रात १९७० च्या दशकापासून निळ्या पराच्या महसीरची, म्हणजे आपल्याकडच्या 'टॉर खुद्री'ची पैदास होते. हेतू चांगलाच होता. तिथलं बीज देशभर गेलं आणि कावेरीतही सोडलं गेलं. गळाला महसीर भरपूर लागू लागले, सगळे खूश. पण २०१५ च्या एका अभ्यासात गळकऱ्यांच्या जुन्या नोंदी जात पाहून वेगळ्या केल्या, तेव्हा कळलं की वाढत होता तो फक्त बाहेरून आणलेला निळ्या पराचा मासा. 'महसीर' या एकाच रकान्यात दोघांची मोजणी होत राहिली आणि कुबडवाला जवळपास संपत आला होता.

रेड लिस्टमध्ये आज खुद्री 'लीस्ट कन्सर्न' म्हणजे चिंता नसलेल्या गटात आहे. रेमादेवी मात्र मोयारसारख्या मोजक्या ठिकाणीच उरला आहे.